मोकळ्या खांद्यांचा मामा

शिरूर कासारच्या बसस्टँडसमोर 'संस्कृती डिजिटल फोटो' नावाचं दुकान आहे. दुकानाला नाव मुलीचं, पण बोर्डावर फोटो मालकाचा. त्या फोटोत गहिनीनाथ काळा चष्मा घालून, हातात तोफेएवढी लेन्स धरून असा उभा आहे, की समोरच्या रसवंतीवर तो कोणत्याही क्षणी हल्ला करेल.

गहिनीनाथ लग्नाला निघाला की आधी सामान निघायचं आणि सामानाच्या मागून गहिनीनाथ. दोन मोठे कॅमेरे, पाच लेन्सा, ड्रोन, हत्तीच्या सोंडेसारखी वर-खाली होणारी क्रेन, पांढऱ्या छत्र्या, रंगीत दिवे, धूर सोडायचं यंत्र, नवरा-नवरीला गरागरा फिरवणारं लाकडी चाक आणि एक प्लॅस्टिकचा मोर. मोर कोणी मागितलेला नसायचा, पण तो असायचाच. गाडीत हे सगळं भरल्यावर जी जागा उरेल तिच्यात गहिनीनाथ बसायचा, बहुतेक वेळा मोराला मांडीवर घेऊन.

माणूस मात्र कामाला चोख. कोणत्या लग्नात कोणता चुलता रुसणार आहे हे त्याला नवरीच्या बापाआधी कळायचं. त्या चुलत्याचा फोटो तो सगळ्यात आधी काढायचा. स्टेजवर पुढाऱ्याबरोबर चाळीस कार्यकर्ते चढले, तर तो चाळीस वेळा फ्लॅश उडवायचा, पण फोटो काढायचा फक्त दोन. बाकीचा नुसता उजेड. ह्या धंद्यात त्याला खोटा फ्लॅश म्हणतात. कार्यकर्ते खूश, कार्डात जागा शिल्लक.

असा हा माणूस एक दिवस अचानक हलका व्हायला निघाला.

त्याचं कारण झालं मावसभावाच्या मुलीचं लग्न. त्या लग्नात गहिनीनाथ पाहुणा होता, पण गळ्यात कॅमेरा होता, आणि गळ्यात कॅमेरा असलेल्या माणसाला नातं नसतं. पंगतीत बसायला गेला तर वाढप्यानं हात आडवा धरला. "फोटोवाले, तुमची पंगत शेवटी. बँडवाल्यांसंगं." मग आहेराची वेळ झाली. माइकवरच्या माणसानं तीनदा पुकारा केला, "गहिनीनाथ शिरूरकर! गहिनीनाथ शिरूरकर आहेराला या!" आणि शेवटी म्हणाला, "आलेले दिसत न्हाईत." त्या वेळी गहिनीनाथ त्या माइकवाल्याचाच फोटो काढत होता.

घरी आल्यावर तो दोन दिवस धुमसत होता. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर त्याला एक परदेशी दाढीवाला सापडला. तो दाढीवाला एका छोट्या पिशवीत एक छोटा कॅमेरा आणि एकच लेन्स घालून डोंगरातून हिंडायचा आणि हसायचा. तो काय बोलतो त्यातलं चार आणे गहिनीनाथाला कळायचं, पण चेहऱ्यावरचं समाधान सोळा आणे कळायचं. जितकं ओझं कमी, तितका माणूस मोठा, असा काहीतरी त्याचा मुद्दा होता. गहिनीनाथानं बीडला जाऊन तळहाताएवढा एक जुना कॅमेरा विकत आणला. त्याच्यावर एकच बारकी लेन्स. तिच्यात लांबचं जवळ ओढायची सोय नाही. माणूस मोठा दिसायला हवा असेल तर आपणच पाय उचलायचे आणि त्याच्याजवळ जायचं.

बायको रोहिणीनं कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. "हा कॅमेरा हाय का साबणाची डबी?"

"तुला न्हाई कळायचं. ह्याला साधेपणा म्हणत्यात."

"साधेपणाला बॅटरी एकच दिली व्हय?"

मग अंजूचं लग्न ठरलं. अंजू म्हणजे नांदूरघाटच्या मुक्ताबाईची, गहिनीनाथाच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची, थोरली लेक. गहिनीनाथ तिचा एकुलता एक सख्खा मामा. मंगलाष्टका चालू असताना नवरीच्या मागं, तिच्या खांद्यांवर हात ठेवून उभं राहायचा मान मामाचा असतो, आणि त्या मानाच्या नुसत्या विचारानं गहिनीनाथाच्या अंगावर आत्तापासूनच काटा यायला लागला होता. आपल्या हातून हजारभर मामांचे फोटो निघाले, आता आपण मामा होणार. ह्या लग्नाला मोकळ्या खांद्यांनी जायचं. सदरा, धोतर, फेटा, आणि खिशात मावेल असा तो डबी कॅमेरा, तोही स्वतःच्या हौसेसाठी.

"अन् लग्नाचे फोटो कोण काढणार?" रोहिणीनं विचारलं.

"ठरवला आसंल त्यांनी कुणीतरी."

"विचारलं का वन्संला?"

"विचारायचं काय त्यात? मामानं मामासारखं जावं."

खरं तर विचारायची गरजच नव्हती, कारण सांगायला फोन आपण होऊन आला होता. लग्नाच्या तीन आठवडे आधी अंजूनं फोन केला. "मामा, ते फोटोचं बाबांनी लग्नाची याद करताना सासरच्यांना सांगून टाकलंय बरं का, की आमच्याकडं..."

तिथपर्यंत गहिनीनाथाला पुढचं सगळं कळलं. आणि तो म्हणाला, "हॅलो? हॅलो? अंजू, आवाज येईना गं." आणि फोन ठेवला. त्या वेळी तो मोबाइलच्या टॉवरच्या बरोबर खाली उभा होता.

नंतर त्यानं मनाला समजावलं, की आपण काही ऐकलंच नाही, आणि न ऐकलेल्या गोष्टीला माणूस काय करणार? पुढं तर त्यानं कमालच केली. लग्नाच्या दिवशीच पुढारी विजयसिंह यांच्या मुलाचा, अमरसिंहचा वाढदिवस होता. गहिनीनाथानं क्रेन, ड्रोन, छत्र्या, चाक, मोर आणि हाताखालची दोन्ही माणसं, सगळं तिकडं भाड्यानं देऊन टाकलं. घरी पडून राहण्यापेक्षा बरं. शिवाय घरी पडलेलं सामान माणसाला बोलावत राहतं.

हळदीच्या दिवशी तो एकटाच एसटीत बसला; संस्कृतीची परीक्षा होती म्हणून रोहिणी मागं राहिली. बीडला बस बदलली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याच्या पाठीला कळलं, की आपण पाठ आहोत, हमालखाना नाही. मांडीवर पिशवी, पिशवीत दोन कपडे, बहिणीला साडी आणि तो कॅमेरा. ऊसतोडीचा हंगाम संपून माणसं कोयते खाली ठेवून गावी परतलेली, त्यामुळे सगळ्या गावांत एकदम लग्नं निघालेली. बसमध्ये अर्ध्या बायकांच्या हातांवर मेंदी होती. गहिनीनाथानं करडू मांडीवर घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो काढला. म्हातारा म्हणाला, "कितीला देता कॉपी?" गहिनीनाथ दाढीवाल्यासारखं हसला आणि म्हणाला, "ह्यो विकायचा न्हाई बाबा. माझ्यासाठी काढलाय." म्हाताऱ्यानं करडू दुसऱ्या बाजूला घेतलं.

नांदूरघाटला तो उतरला तेव्हा उन्हं कलली होती. मुक्ताबाईच्या दारात मांडव घातलेला. मांडवात पाटावर अंजू बसलेली. चार सवाष्णी हातात हळदीच्या वाट्या धरून ताटकळलेल्या, आणि सगळ्यांच्या नजरा रस्त्याकडं.

"आला गं मामा!" कोणीतरी ओरडलं. "आता करा सुरू!"

मुक्ताबाई लगबगीनं पुढं आली. तिनं भावाच्या अंगावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं. तिचा नवरा रामकिसन, म्हणजे गहिनीनाथाचे दाजी, तेही मागं पाहू लागले. सवाष्णीही मागं पाहू लागल्या. मागं रस्त्यावर एक शेळी होती.

"गाडी कुठंय?" दाजींनी विचारलं.

"कोणती गाडी?"

"सामानाची. क्रेन, मोर. व्याह्यांना सांगून ठेवलंय आमी, फोटोग्राफर आणूच नका म्हणून. मुलीचा मामाच एवढा मोठा फोटोग्राफर हाय म्हणल्यावर दुसरा कशाला? दोन्हीकडचे फोटो आमच्याकडं. याद करतानाच शबूद दिलाय."

गहिनीनाथानं मनात हिशेब केला. लग्न एकच, फोटोग्राफर दोन्ही बाजूंनी नाही, आणि मांडवात हजारभर माणसं येणार. आत्ता, ह्याच क्षणी, त्यानं खरं सांगितलं असतं तर बहिणीनं चार शिव्या दिल्या असत्या आणि रात्रीतून काहीतरी खटपट झाली असती. पण सगळ्या मांडवाची तोंडं त्याच्याकडं होती, आणि बहीण इतक्या विश्वासानं हसत होती, की त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"येतीया की मागून."

"मग हळदीचं?"

"हळदीपुरता हा आणलाय," असं म्हणून त्यानं पिशवीतून तो डबी कॅमेरा काढला. सवाष्णींनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं विचारलं, "ह्याच्यात मावतो का गं सगळा माणूस?"

हळद सुरू झाली. आता ती लेन्स कशी, तर जवळ गेल्याशिवाय काही देत नाही. मोठा कॅमेरा असता तर गहिनीनाथ वीस फुटांवरून, खुर्चीवर चढून, आरामात अंजूचे डोळे टिपू शकला असता. इथं त्याला तिच्यासमोर उकिडवं बसावं लागलं, इतकं जवळ की हळदीचा वास नाकात गेला. अंजूनं पिवळ्या चेहऱ्यातून त्याच्याकडं सरळ पाहिलं आणि ओठ फारसे न हलवता विचारलं, "मामा, त्या दिवशी आवाज येत हुता न्हवं?"

गहिनीनाथानं कॅमेरा डोळ्यापासून काढला नाही. "कोणत्या दिवशी?"

अंजूनं पदर सारखा केला. "काय न्हाई. काढा फोटो."

तिनं आईला काही सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हती, हे त्याला कळलं. तिनं भांडण केलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तो फोटो हललेलाच आला.

दिवेलागणीला तो कडब्याच्या गंजीमागं जाऊन फोन लावत बसला. केजचा एक, बीडचे तीन, अंबाजोगाईचे दोन. उद्याची तिथी अशी दाट, की तीन तालुक्यांत ज्याच्याकडं कॅमेरा आहे तो प्रत्येक माणूस कुठल्यातरी मांडवात गुंतलेला. केजचा तर हसायलाच लागला. "गहिनीभाऊ, तुमीच माणूस मागता व्हय? उद्या एका लग्नाला मी माझ्या मेव्हण्याला पाठवतोय, त्याला कॅमेरा उलटा का सुलटा कळत न्हाई." आपलीच माणसं परत बोलवावीत म्हणून त्यानं वाढदिवसाच्या मांडवात फोन केला. तिथून उत्तर आलं, की क्रेन उभी करून झालीय आणि साहेबांनी ती स्वतः चालवून पाहिलीय, आता ती काढायची हिंमत कोणाची नाही.

सकाळी तो चुलीपाशी मुक्ताबाईला गाठून म्हणाला, "अक्का, एक सांगायचं हुतं."

"गाडी आली का?"

"गाडी येणार न्हाई."

मुक्ताबाईच्या हातातलं उलथनं थांबलं. "कावून?"

इथं गहिनीनाथानं अर्धं खरं सांगितलं. अर्धं खरं सांगणारा माणूस खोटं बोलणाऱ्यापेक्षा वाईट, कारण त्याला शाबासकीही हवी असते. "मीच आणलं न्हाई सामान. मला वाटलं तुमी कुणीतरी ठरवला आसंल. मला मामा म्हणून यायचं हुतं अक्का. नुसता मामा." सामान कुठं आहे आणि फोनवर काय झालं होतं, हे दोन्ही तो गिळून बसला.

मुक्ताबाईनं त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. त्याच्या जन्माच्या वेळी सुईणीला काय दिलं होतं तिथपासून सुरुवात केली आणि त्याच्या टकलापर्यंत आली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "जाऊ दे. आता कुणाला बोलू नको. मी बघते."

आणि तिनं बघितलं. वऱ्हाड आलं, नवरदेव मारुतीला जाऊन आला, आणि अंबाजोगाईचे व्याही मांडवात इकडंतिकडं बघत म्हणाले, "क्रेन दिसत नाही कुठं?" तशी मुक्ताबाई हसत पुढं झाली.

"क्रेनची फॅशन गेली आता दादा. मोठमोठ्या ठिकाणी असल्याच लहान कॅमेऱ्यानं काढत्यात लग्नं. माझ्या भावानं खास ह्या लग्नासाठी आणलाय."

व्याही कॉलेजात कारकून होते. आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. "हो हो, मी वाचलंय त्याबद्दल. जपानी पद्धत आहे ती," ते म्हणाले, आणि पुढच्या तासाभरात त्यांनी ते सगळ्या वऱ्हाडाला सांगितलं. गहिनीनाथ ज्याच्यासमोर जाईल तो माणूस ताठ बसून म्हणायचा, "जपानी का? काढा, काढा." एकानं त्याचा हात हातात घेतला. "लई मोठं मन तुमचं. भाचीसाठी एवढं केलंत." ह्या प्रत्येक कौतुकाबरोबर गहिनीनाथ बोटभर जमिनीत जात होता. बहीण आपल्यासाठी चारचौघांत खोटं बोलली, आणि तिलाही आपण अर्धंच खरं सांगितलं. घाम यायला उन्हाळा कारण होता, पण पुरेसं कारण नव्हता.

त्यात बॅटरी. हळदीतच ती अर्धी संपलेली, आणि चार्जर घरी. चार्जर घ्यावा की न घ्यावा ह्याबद्दल दाढीवाला काहीच बोलला नव्हता. फोटो मोजून-मापून काढणं भाग होतं आणि खोट्या फ्लॅशची सोय नव्हती, कारण डबी कॅमेऱ्याला फ्लॅशच नव्हता. आत्याबाईंचा गट उभा राहिला की गहिनीनाथ कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि जिभेनं टाळूवर 'टक्' असा आवाज काढायचा. वीस वर्षं धंद्यात मुरलेला माणूस तोंडानं फोटो काढत होता.

अक्षतांची वेळ साडेबाराची होती, म्हणून दीड वाजता विजयसिंह आले. अशा दाट तिथीला पुढाऱ्याच्या अंगात चाकं येतात. मुलाचा वाढदिवस सकाळी आटोपून त्यांनी वाटेत चार लग्नं उरकली होती. सत्कार झाला, फेटा बांधला, माइक हातात आला. दोन शब्द बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि समोर, पायाशी उकिडवा बसलेला गहिनीनाथ त्यांना दिसला.

"अरे गहिनीनाथ!" मांडवातल्या आठही कर्ण्यांतून आवाज गेला. "तू हितं व्हय? तुझं सामान तर तिकडं आमच्या अमरच्या वाढदिवसाला लावलंय! काय ती क्रेन, काय तो मोर! केकच्या मागं मोर उभा केला रं तुझ्या पोरांनी, लोकं नुसती बघत ऱ्हायली! अन् तू हितं ही काडेपेटी घेऊन काय करतोस?"

कार्यकर्ते हसले, कारण साहेब हसले होते. वऱ्हाडातले काही हसले. व्याही हसले नाहीत. ते सावकाश मुक्ताबाईकडं वळले आणि विचारते झाले, "म्हणजे सामान भाड्यानं दिलं होतं? मग ती जपानी पद्धत...?"

दाजी मांडवाच्या कापडाकडं असे पाहू लागले, की जणू त्यांना तिथं भोक सापडलंय.  सकाळपासून हजार माणसांत ताठ फिरणाऱ्या मुक्ताबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला. बहिणीनं मान खाली घातलेली गहिनीनाथानं आयुष्यात पाहिली नव्हती. आज पाहिली, आणि तीही आपल्यामुळं. त्याला वाटलं, आत्ता कॅमेऱ्याची डबी उघडावी आणि आत जाऊन बसावं.

साहेब आशीर्वाद देऊन पुढच्या लग्नाला गेले. माइकवाला ओरडला, "नवरीच्या मामांना विनंती हाय, नवरीला घेऊन बोहल्यावर यावं!"

गहिनीनाथानं कॅमेरा खिशात टाकला, फेटा नीट केला आणि निघाला. दोन पावलं गेला तोच मुक्ताबाई आडवी आली.

"तू कुठं निघालास?"

"अंजूला आणायला."

"फोटो कोण काढणार? शबूद दिलाय आमी." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मागं सत्यम उभा राहील. तू हितंच थांब."

सत्यम म्हणजे त्यांच्या चुलत्याचा मुलगा, अंजूचा चुलत मामा. बिचाऱ्याला कसली कल्पना नव्हती. तो तोंडातली बुंदी गिळत, हात धोतराला पुसत आला. अंजू त्याच्यासोबत बोहल्यावर चढली. चढताना तिनं एकदाच गहिनीनाथाकडं पाहिलं, आणि मग खाली आपल्या पायांकडं.

मंगलाष्टका सुरू झाल्या. गहिनीनाथ समोर, चार हातांवर. त्या लेन्सला दुसरीकडून काही दिसतच नव्हतं. सत्यमला मामा म्हणून उभं राहायची सवय नसल्यामुळं त्यानं हात खिशात घातले होते. कोणीतरी त्याला सांगायला हवं होतं, आणि ते सांगायचं काम फोटोग्राफरचं. हजारभर मामांना गहिनीनाथानं हेच सांगितलं होतं.

"सत्यम," तो म्हणाला, "हात काढ. तिच्या खांद्यांवर ठेव. दोन्ही. आंगठे आत."

सत्यमनं ठेवले.

"थोडा वाक पुढं. हं. आस्साच ऱ्हा."

अंतरपाट सरला. ज्वारीच्या अक्षतांचा मारा गहिनीनाथाच्या डोक्यावर, मानेवर, कॅमेऱ्यावर झाला, आणि त्यानं फोटो काढला. वीस वर्षांत त्याच्या हातून एवढा चांगला फोटो निघाला नव्हता. अंजूचे डोळे भरलेले, अक्षता हवेत, आणि मागं मामाचे हात अगदी जिथं असायला हवेत तिथं.

जेवायला तो बँडवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसला. कोणी बसवलं नव्हतं. शेजारच्या ढोलवाल्यानं विचारलं, "मोर आणला न्हाई का आज?"

शिरूरला आल्यावर पंधरा दिवस तो अल्बमला हात लावायला धजेना. मग एका दुपारी बसला. आता त्याच्या धंद्यात माणसं काढणं-घालणं म्हणजे डाव्या हाताचा मळ. वारलेल्या आजोबांना नातवाच्या लग्नात उभं करावं, भांडून गेलेल्या जावयाला सासुरवाडीच्या फोटोतून उचलावं, फ्लेक्सवर गल्लीतल्या पोराला मंत्र्याच्या शेजारी चिकटवावं, हे तर रोजचंच. त्यानं सत्यमचा फोटो समोर घेतला, आपला एक फेट्यातला जुना फोटो शोधला, आणि सात मिनिटांत सत्यमच्या मानेवर गहिनीनाथ बसला. उजेडही जुळला. अंजूच्या खांद्यांवर हात ठेवून गहिनीनाथ उभा होता.

मागून रोहिणी आली. बराच वेळ बघत राहिली. "झ्याक जमलंय," ती म्हणाली. "फक्त तुमचं पोट त्याच्या मापाचं झालंय. वन्सं वळखतील."

त्यानं ते पुसून टाकलं. पोटामुळं पुसलं असं तो रोहिणीला म्हणाला. सत्यमला त्याच्या जागी परत उभं केलं आणि अल्बम तसाच छापला.

तो अल्बम घेऊन तो नांदूरघाटला गेला त्या दिवशी अंजू माहेरी आलेली होती, आणि तिच्यासोबत तिची आत्तेसासू साखराबाई. साखराबाई मोकळ्या तोंडाची बाई. लग्नाला ती ऐन अक्षतांना पोचलेली, आणि गर्दीत तिनं गहिनीनाथाला कॅमेऱ्यामागंच पाहिलेलं. मुक्ताबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं भावाला 'ये' म्हटलं, बस म्हणायचं राहिलं, म्हणून तो आपणच भिंतीला टेकून बसला. अंजूनं त्याला पाणी दिलं.

साखराबाईनं अल्बम मांडीवर घेतला. "लई भारी काढलेत गं बया फोटो! आमच्याकडच्यांचे बी काढलेत." पानं उलटत ती अक्षतांच्या फोटोपाशी थांबली. "ह्यो मागं उभा कोण? मामा का?"

"चुलत मामा," मुक्ताबाई म्हणाली. "सत्यम."

"अन् सख्खा न्हाई व्हय अंजूला?"

मुक्ताबाई भाकरी थापत राहिली. साखराबाईनं पुढचं पान उलटलं, मागचं उलटलं, आणि मग गहिनीनाथाकडं वळली. "फोटोवाले, तुमाला म्हाईत आसंल, तुमी समद्यांचे फोटो काढलेत. आलता का हिचा सख्खा मामा लग्नाला?"

 अंजू तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली. कोणी त्याला वाचवायला आलं नाही. आज अक्काकडं खोटं शिल्लक नव्हतं, आणि त्याच्याकडं एक होतं, पण ते वापरायला जीभ उचलेना.

"आलता," तो म्हणाला. "मीच."

"अगं बया!" साखराबाईनं तोंडावर हात मारला आणि हसायला लागली. "मग हितं कावून न्हाई उभं ऱ्हायलात? भाचीच्या मागं सोडून म्होरं काय करत हुता?"

"माझं काम मला न्हाई करायचं हुतं," गहिनीनाथ म्हणाला. तो साखराबाईला सांगत होता, पण बघत होता जमिनीकडं. "तीन आठवडे आधी अंजूनं फोन केलता. फोटोचं तुमच्याकडं हाय म्हणून सांगत हुती. मी म्हणलं, आवाज येईना. आवाज येत हुता. मला समदं ऐकू आलतं. मग मी सामान बी देऊन टाकलं, म्हणजे आणायचा परसंगच नको."

थापण्याचा आवाज थांबला. मुक्ताबाईनं भावाकडं नाही, लेकीकडं पाहिलं.

"तुला म्हाईत हुतं?"

अंजूनं मान डोलावली.

"अन् मला बोलली न्हाईस."

"तू मामाला लग्नाला येऊ दिलं नसतं आई."

साखराबाई हसायची थांबली होती. तिनं अल्बम हळूच मिटला. चुलीवरून करपल्याचा वास आला तेव्हा कुठं मुक्ताबाईचं तव्याकडं लक्ष गेलं. भाकरीची एक बाजू काळी ठिक्कर झाली होती. तिनं ती उलथन्यानं उचलली, तिच्याकडं एकदा पाहिलं, आणि अंजूपुढं धरली.

"ताट घे त्याला," ती म्हणाली. "अन् ही त्यालाच वाढ."

गहिनीनाथ सरसावून बसला आणि त्यानं ताट पुढं ओढलं.